अर्धा इंच माया

गाडी घरी आली ती पुढच्या काचेशिवाय. दोन दारांची, बुटकी, सायीच्या रंगाची. तोही आता कडेकडेने करपलेल्या सायीसारखा. माझा नवरा तीस वर्षं कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करून नुकताच घरी बसला होता, आणि अशा माणसाला हाताशी काहीतरी मोडकं लागतंच. मी होते, पण मी अजून चालू स्थितीत होते.

ज्यांच्याकडून गाडी घेतली ते म्हातारे गृहस्थ एकटेच राहायचे. फाटकापाशी उभं राहून त्यांनी किल्ली दिली.

"काच फुटली का हो?" नवऱ्याने विचारलं.

"नाही. मीच काढून टाकली."

"का बरं?"

"पुसून पुसून हात दुखायचा."

आम्ही दोघं हसलो. ते हसले नाहीत. मी डावीकडच्या सीटवर बसले तेव्हा एवढंच म्हणाले, "ते दार जरा हळू लावा. तिला धाडकन लावलेलं आवडत नाही."

गाडी आपल्या भाषेत 'ती'च. मी दार हळू लावलं आणि विसरून गेले.

घरी येईपर्यंत वाऱ्याने डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. नवरा मात्र खुशीत. "काच झाली की पहिली फेरी तुझी," तो ओरडून म्हणाला. "तळ्यापर्यंत. आपण दोघंच." लग्नाला सव्वीस वर्षं झाली. आम्ही दोघंच असे कुठे गेलो ते बोटांवर मोजता येईल, आणि बोटं उरतील. मी ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवावं तसं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नणंद बघायला आली. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "वहिनी, दादानं सवत आणली गं तुला. आणि तीही म्हातारी!"

"असू दे. मागे शेडमध्ये पडून असते. माझ्या ओट्यापाशी लुडबुड तरी करत नाही."

"आज नाही करत," नणंद म्हणाली, आणि टाळीसाठी हात पुढे केला. मी टाळी दिली.

अशी काच बाजारात मिळेना. तीन दुकानदारांनी हात वर केले. मग नवऱ्याने ठरवलं, जाड ॲक्रिलिकची घरीच करायची. आधी चौकटीवर कागद लावून नमुना काढायचा. त्यावरून तक्ता कापायचा. पत्र्याच्या पेटीत हीटर लावून तो मऊ करायचा आणि लाकडी साच्यावर टाकून बाक द्यायचा. साचा त्याने पंधरा दिवस रंधून, घासून केला. त्यावर तक्त्याला ओरखडे पडू नयेत म्हणून माझं जुनं फ्लॅनेल ताणून बसवलं.

"नमुना तू काप," तो म्हणाला. "तुझा हात माझ्यापेक्षा सरळ."

शिवण मला कुणी शिकवलं नाही. आईचे जुने कपडे उसवून उसवून मी शिकले. उसवता उसवता माणसाचं अंगही कळत गेलं. आता गल्लीतले निम्मे खांदे मला पाठ आहेत.

"फक्त माया ठेवू नकोस," तो म्हणाला. "काच म्हणजे कापड नव्हे."

माया म्हणजे शिलाईच्या आत दडवून ठेवलेलं जास्तीचं कापड. बाहेरून दिसत नाही. पुढेमागे अंग सुटलं तर उसवून तेवढी जागा करता येते. माझा हात माया न ठेवता कापायला धजतच नाही. मी म्हणाले, "बरं."

मापं घ्यायला मी गाडीत बसले तेव्हा पहिल्यांदा मला ते दिसलं. डाव्या सीटवर खळगा होता. जुन्या सीटवर असतोच. पण मी अर्धा तास तिथे बसले होते, आणि मी काही फुलासारखी नाही. मी उठले तेव्हा माझा रुंद खळगा तिथे होता. टेप गुंडाळेपर्यंत तो भरून आला, आणि त्याच्या आत दुसरा, अरुंद, थोडा दाराकडे कललेला खळगा हळूहळू खाली बसला. दाराला टेकून बसायची सवय असलेल्या बाईचा. कंबर अठ्ठावीस, फार तर एकोणतीस. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

स्प्रिंगा जुन्या असतात, मी स्वतःला सांगितलं.

दुपारी ओट्यापाशी मला शेडमधून त्याचा आवाज ऐकू यायचा. माणूस यंत्राशी बोलतो तेव्हा एकटाच बोलत सुटतो. "चल, ये, हां, अश्शी." सव्वीस वर्षं मी ते ऐकलंय. हा आता तसा बोलत नव्हता. हा मध्येच थांबत होता. थांबून ऐकत होता, आणि मग म्हणत होता, "नाही गं, तसं नाही."

एकदा हसला. ते हसू मला ओळखीचं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी ते रोज ऐकायचे. नंतर ऐकू येईना, तेव्हा वाटलं, संपलं असेल; सगळ्यांचंच संपतं. संपलं नव्हतं. घराच्या मागच्या बाजूला राहायला गेलं होतं.

मी चहा घेऊन गेले. कडा घासायच्या कानसा त्याने ओळीने मांडून ठेवल्या होत्या. गाडीचं डावं दार उघडं होतं.

"कुणाशी बोलताय?"

"कुणाशी म्हणजे? गाडीशी."

"काय म्हणतेय?"

"तू पण ना!" त्याने कप घेतला. मग बाकावरचं तपकिरी कापड उचलून दाखवलं. "सीटला हे आणलं. निळं मिळत होतं, पण म्हटलं, तुला निळा रंग डोळ्यांना टोचतो."

माझ्या अंगावर निळा ड्रेस होता. कपाटात आणखी अकरा आहेत. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, जरासा गोंधळला, "अरे हो," म्हणाला, आणि पुन्हा घासायला लागला.

मत्सर हा फार मोठा शब्द झाला. मला नुसती जळजळ व्हायची, पित्ताची होते तशी, छातीच्या मधोमध. गोळी घेऊन बघितली.

त्याच दुपारी मी नमुना पक्का केला. उजवी कड बिनचूक. डाव्या कडेला मात्र पेन्सिलीची रेघ अर्धा इंच बाहेर ओढली. ते सवयीने झालं असं कुणालाही सांगता आलं असतं. तुम्हाला खोटं सांगत नाही. मुद्दाम ओढली. तक्ता एकच होता, दुसरा यायला दोन महिने लागले असते. चौकटीत बसला नाही की त्याचा हिरमोड होईल, गाडीवर ताडपत्री पडेल आणि तो घरात येऊन बसेल. माझी तळ्याची फेरी जाणार होती, ते कळत होतं मला. पण मला तळं कुठे हवं होतं? मला तो हवा होता. घरात, कंटाळलेला, माझ्या डब्यांची झाकणं घट्ट करत फिरणारा.

रविवारी सकाळी तक्ता पेटीतून काढला तेव्हा तो ओल्या चादरीसारखा लोंबत होता. उजवं टोक त्याच्याकडे, डावं माझ्याकडे. जाड हातमोज्यांतूनही चटके बसत होते. गरम फ्लॅनेलचा वास, इस्त्री विसरल्यावर येतो तसा.

"हळू," तो म्हणाला. "ओढायचं नाही. त्याच्या वजनानं त्याला बसू दे."

आम्ही तक्ता साच्यावर टेकवला. माझे दोन्ही हात कडेला होते. माझ्या हातांच्या आत, वीतभर अंतरावर, तक्ता दोन ठिकाणी हलकेच दबला. अंथरूण घालताना आपण चादरीवरून तळवे फिरवतो, तसा. आधी मधे, मग कोपऱ्यापर्यंत. तळवे लहान होते.

"शाब्बास," नवरा म्हणाला. "छान दाबलंस."

"मी नाही—"

"बोलू नकोस आता. गार होऊ दे."

तो डावीकडे बघत होता. माझ्याकडे नव्हे, माझ्या खांद्याच्या जरा खाली.

दुपारी काच चौकटीत बसवायला घेतली. मी दारात उभी राहून त्याच्या 'अरेच्चा'ची वाट बघत होते. त्याने रबराची पट्टी ओली केली, उजवीकडून सरकवत आणली, डावीकडे अंगठ्याने दाबली.

"बसली!" तो म्हणाला. "केसाइतकीही इकडेतिकडे नाही. माया ठेवली नाहीस म्हणून."

तो हात धुवायला गेल्यावर मी खिळ्यावरचा नमुना काढून मोजला. अर्धा इंच जास्त. काच मोजली. अर्धा इंच जास्त. चौकट मोजली, ती होती तेवढीच. तिन्ही मापं तीनदा घेतली. एवढ्या चौकटीत तेवढी काच मावत नव्हती, आणि बसली होती.

अर्धा इंच कुठून तरी आला होता.

कुठून, ते बुधवारी कळलं. मी स्वतःसाठी ड्रेस शिवला, माझ्याच नमुन्यावरून, पंधरा वर्षं तोच आहे. घातला, तर डावा खांदा उतरला. आरशासमोर मोजलं. उजवा साडेपाच इंच, डावा पाच. टेप जुनी झाली की ताणते, आखडत नाही. नणंद आली होती, तिला मोजायला लावलं.

"वहिनी, वाकडी उभी राहू नकोस ना."

"सरळच आहे मी."

तिने पुन्हा टेप धरली. "मग झिजलीस गं थोडी. दादाची सेवा करून करून." ती हसली, आणि हसता हसता टेप माझ्या हातात देऊन घाईने स्वयंपाकघरात गेली.

पहिली फेरी शनिवारी सकाळी ठरली. गार हवा होती, तोंडातून वाफ निघत होती. मी मुद्दाम सगळ्यात निळा ड्रेस घातला. त्याने माझ्यासाठी डावं दार उघडून धरलं. सव्वीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं, त्यामुळे मी जरा लाजलेसुद्धा.

सीट कोमट होती.

त्याने दार हळूच लावलं. आम्ही निघालो. काच सुंदर झाली होती, कुठे लहर नाही, डाग नाही. गल्ली संपली, दुकानं संपली, तळ्याकडचा सरळ रस्ता लागला. मनात आलं, एवढ्यासाठी मी किती जळले! त्याचा हात गिअरवर होता. मी माझा त्यावर ठेवला. त्याने हात काढला नाही. जाणवल्यासारखंही दाखवलं नाही.

तेव्हा काचेवर वाफ दिसली.

डावीकडे, माझ्यासमोर. पण माझ्या तोंडासमोर नाही. चार बोटं खाली, थोडी दाराकडे. वाटीएवढा धूसर गोल. तो मोठा व्हायचा, आक्रसायचा, पुन्हा मोठा व्हायचा. सावकाश. झोप आलेल्या माणसासारखा.

मी श्वास रोखून धरला.

गोल मोठा झाला. लहान झाला. मोठा झाला.

नवऱ्याने खिशातून फडकं काढलं, रस्त्यावरची नजर न हलवता हात लांब केला आणि काच पुसली. वर्षानुवर्षांची सवय असल्यासारखी.

"जरा हळू श्वास घे गं," तो मायेने म्हणाला. "आत्ताशी तर निघालोय."

तळ्यापाशी आम्ही उतरलो नाही. तो बोलत राहिला. अधूनमधून थांबत होता. मी काही विचारलं की त्याच वेळी तो दुसऱ्याच कशाचं तरी उत्तर देत होता. येताना मी पर्स मांडीवर घेतली. टेप पर्समध्ये होती. खांदा मोजावासा वाटला. मोजला नाही.

घर आलं. गाडी मागे घेत शेडमध्ये लावून तो वळसा घालून माझ्या बाजूला आला. दार उघडलं. हात पुढे केला.

मी तो धरायला हात उचलला.

त्याची बोटं त्याआधीच मिटली होती. कुणाचा तरी हात धरावा तशी, अलगद. एक पाय बाहेर टाकायला, मग दुसरा, मग ड्रेस सावरून उभं राहायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तो थांबला.

मग त्याने दार लावलं. हळूच. आवाजसुद्धा झाला नाही.

मी अजून आतच होते.

काचेतून दोघांची पाठ दिसायला हवी होती. त्याची एकट्याचीच दिसली. डावीकडे किंचित झुकून चालत होता. स्वयंपाकघराच्या दाराशी थांबला, आधी कुणाला तरी आत जाऊ दिलं, आणि हसला. ते हसू.

मी पुढे वाकले. तोंड काचेला जवळजवळ टेकवून त्याला हाक मारली. मोठ्याने, छातीत होता नव्हता तेवढा सगळा श्वास एकवटून, त्या गारठ्यात.

काच स्वच्छच राहिली.