पापुद्र्याचा उजवा कोपरा

"चोर घरातलाच आहे, इनायत हानम, आणि कोण तेही मला ठाऊक आहे," डॉक्टर लुत्फी म्हणाले. "तुम्ही फक्त शिक्कामोर्तब करा."

"मग मला कशाला बोलावलंत? शिक्का तर तुमच्याच हातात आहे."

शफीकला हसू आलं, पण रोज्याच्या भर दुपारी हसायलाही अंगात जीव लागतो. अलेक्झांड्रियाची ट्राम हाकून निवृत्त झाल्यापासून तो या विधवा वहिनीबरोबर हिंडत असे. पूर्वी ती औषधांचं दुकान चालवायची, आता लोकांची लफडी निस्तरायची. आज मात्र त्याचं निम्मं लक्ष नातवाकडे होतं. टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर लावलेली पट्टी काढायला पोराला पुन्हा भूल देणार होते.

लुत्फींच्या प्रयोगशाळेत बटाट्याच्या स्टार्चचे पापुद्रे बनत. भाजलेल्या जखमेवर लावायचे आणि जखम भरता भरता विरून जायचे, असा बेत होता. आधीचे पापुद्रे विरायलाच तयार नव्हते. नशवा नावाच्या विद्यार्थिनीनं प्लास्टिकचा अंश घटवून, स्टार्च वाढवून नवं मिश्रण जमवलं. रमजानच्या सुरुवातीला ते तयार झालं, आणि लागलीच पापुद्र्यांना भोकं पडू लागली.

लुत्फींनी खणातून भोकांची छायाचित्रं बाहेर काढली. ती एकमेकांना चिकटली होती. त्यांनी फुंकर मारली, नखानं उचकटून पाहिली आणि वैतागून गठ्ठाच इनायतच्या हाती दिला. भोक दरवेळी उजव्या कोपऱ्यातच होतं.

"पाणी पडलं असेल," शफीक म्हणाला.

"पाण्यानं पापुद्रा फुगतो, भोक पडत नाही. आणि आयोडीन टाकलं की स्टार्च निळा होतो. या भोकांच्या कडा निळ्या होत नाहीत. तिथला स्टार्च कुणीतरी पचवलाय! पचवणाऱ्या द्रव्याची बाटली नशवाच्या कपाटात असते. उद्या तिला काढून टाकतोय."

"पापुद्रे कोण हाताळतं?"

"मुलं बनवतात, हातमोजे घालून. तपासतो मी स्वतः. माझा कुणावर भरवसा नाही. आणि मोजे घातले की मला चिकटलेले पापुद्रे सोडवता येत नाहीत."

नशवाचा सहकारी हाझेम आधी भेटला. "मी इफ्तारला घरी पळतो, हानम. उशीर झाला तर आई उंबऱ्यावर उभी राहते. संध्याकाळी इथे सर आणि नशवाच असतात."

नशवाचे डोळे सुजले होते. "बाटली माझीच आहे. पापुद्रा शरीरात कसा विरेल ते तिच्यानंच तपासते. पण स्वतःचंच काम मी का बुडवेन? वडील मासे विकून मला शिकवतायत, हानम. काढलं तर कुठल्या तोंडानं घरी जाऊ?"

"दुपारी तपासलेल्या गठ्ठ्यांनाही भोकं पडतात?"

"नाही. फक्त इफ्तारनंतरच्या."

"म्हणजे हीच," शफीक बाहेर येऊन हळहळला.

"भावजी, ट्राम रुळावरून चालते म्हणून डोकंही तसंच चालवायचं का?"

इफ्तारला हाझेम घरी पळाला, बाकी सगळे तिथेच बसले. खजूर, मसुराचं सूप, वर पाकात भिजलेला गोड कुनाफा. हात धुऊन झाल्यावर इनायतनं छायाचित्रांचा तोच गठ्ठा लुत्फींपुढे ठेवला. "पुन्हा एकदा दाखवा."

लुत्फींनी अंगठा जिभेला लावला आणि उजव्या कोपऱ्यातून भराभर छायाचित्रं सोडवली.

"बस्स. सापडला चोर."

लुत्फींचा ओला अंगठा हवेतच राहिला.

"दुपारी तुम्ही फुंकर मारलीत, कारण रोजा होता आणि जिभेला कोरड. आता जुनी सवय परत आली. थुंकीतही स्टार्च पचवणारं तेच द्रव्य असतं, म्हणून आयोडीननं कडा निळ्या होत नाहीत. मुलांच्या हातात मोजे, उघडा अंगठा एकट्या तुमचा. जुन्या पापुद्र्यांत प्लास्टिक जास्त होतं, ते तुमच्या थुंकीला पुरून उरले. हा नवा शहाणा मात्र पचला, आणि त्यानं पचावं म्हणूनच तर तुम्ही वर्षानुवर्षं झटताय ना?"

लुत्फींनी उठून स्वतःच्या हातानं कुनाफ्याचा मोठा तुकडा नशवाच्या ताटलीत वाढला. "पोरी, मी गाढव आहे. तुझं मिश्रण उत्तम आहे. उद्या कामाला ये."

नशवा रडता रडता हसली.

"एक विचारू का?" शफीक चाचरत म्हणाला. "हा थुंकीनं विरतो, तर लेकरांच्या टाळूला हाच लावला तर? पुन्हा भूल द्यायला नको…"

"भावजी," इनायत म्हणाली, "आज ट्राम रूळ सोडून पळाली."

"त्यासाठी जरा दमानं विरायला हवा," नशवा डोळे पुसत म्हणाली. "जमेल." आणि कुनाफा तसाच टाकून ती हातमोजे शोधायला उठली.