हसूनाकाकांचे स्टूल

महदिया या आमच्या समुद्रकाठच्या शहरातील परीक्षाकेंद्राकडे केंद्रप्रमुख म्हणून माझ्या कारकिर्दीत कोणी बोट दाखवू शकले नाही. हे मी अभिमानाने सांगते, आणि त्या दुपारची हकिकतही त्याच अभिमानाने सांगणार आहे.

बॅकालोरिया या शालान्त परीक्षेच्या प्रश्नपत्रिका शाळेतील आतल्या खोलीत मोहोरबंद होत्या. दारावर कॅमेरा होता. चित्रणात खंड पडला, तर परीक्षा रद्द आणि साऱ्या जिल्ह्यातील मुलांचे वर्ष वाया, असा नियम होता. परीक्षेच्या आदल्या दुपारी सर्व ठीक आहे ना, एवढेच पाहण्यासाठी मी कार्यालयात गेले. बाहेर वाळवंटाकडून येणारा उष्ण शहीली वारा सुटला होता. वाळूने सूर्य झाकल्यामुळे भर दुपारी दिवे लावावे लागले होते.

माझा जुना विद्यार्थी आणि आता शाळेचा संगणक-तंत्रज्ञ असलेला नेजी पडद्यासमोर घाम पुसत होता.

"मॅडम, कॅमेऱ्याच्या सर्व्हरचा सी ड्राइव्ह भरत आलाय."

"चित्रणाला मोठी डिस्क वेगळी घेतली होती ना?"

"चित्रण तिथंच जातंय. पण काय हललं, कधी हललं, त्या नोंदींचा डेटाबेस मी सी ड्राइव्हवरच राहू दिला. जुन्या नोंदी पुसायची मुदतही घातली नाही. आता पुसायला गेलं तर त्यालाही जागा लागते. हा भरला की सगळं ठप्प."

"शाळेतही तुझं हेच! पहिलं पान फुगवायचं आणि शेवटची उत्तरं समासात कोंबायची."

"मॅडम, आता तरी मार्क कापू नका!"

डेटाबेस मोठ्या डिस्कवर हलवणे हाच उपाय होता. परंतु त्यासाठी सर्व्हर काही मिनिटे थांबवणे भाग होते.

"एवढ्या नोंदी आल्या कुठून? वाऱ्यानं झाडं हलली म्हणून?"

"मलाही तसंच वाटलं... पण बहुतेक सगळ्या त्या बंद दारासमोरच्या आहेत. तिथं तर कोणीच नसतं."

मी परीक्षा समितीच्या अध्यक्षांना फोन केला. "दारासमोर स्वतः बसा," ते म्हणाले, "पण खंड दिसला तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही."

दाराशेजारी आमचे जुने पहारेकरी हसूनाकाका यांचे स्टूल होते. कानामागे चमेलीचा गुच्छ आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोवून त्यांनी आयुष्यभर ते दार राखले आणि गेल्या हिवाळ्यात ते वारले. त्या स्टुलावर बसण्याचा मला अधिकार नव्हता. मी वर्गातून खुर्ची आणली.

"मॅडम... बंद करतोय," नेजीने कार्यालयातून हाक दिली.

वाळू काचांवर खरवडत होती. मग ताज्या चमेलीचा गंध आला. शेजारचे स्टूल कोणाच्या तरी भाराने करकरले. मी मान वळवली नाही.

"हसूनाकाका," मी नेहमीच्याच स्वरात विचारले, "मोहोर शाबूत आहे ना?"

किल्ल्यांचा जुडगा एकदाच वाजला... अगदी जवळ. पाठ मात्र मी ताठच ठेवली.

"झालं, मॅडम! सुरू झालं..."

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांनी चित्रणाची वेळेची पट्टी तपासली. ती कोठेही तुटलेली नव्हती. "तुमच्या केंद्राकडून हीच अपेक्षा होती," ते म्हणाले. मोहोर फोडण्यात आली आणि मुले परीक्षेला बसली.

सगळे आपापल्या वर्गात गेल्यावर नेजीने कार्यालयाचे दार लावून घेतले.

"सर्व्हर बंद होता, मॅडम. मी स्वतः बंद केला होता. मग हे कोणी घेतलं?"

त्याने त्या बंद मिनिटांचे चित्रण पडद्यावर लावले. कॅमेरा छताजवळ होता. हे दृश्य मात्र खालून, स्टुलावर बसलेल्या माणसाच्या नजरेतून दिसत होते. त्यात मी होते : खुर्चीवर, ताठ पाठीने, दारावर डोळे रोखून. चित्राच्या कडेला अस्पष्ट, पांढऱ्या कळ्या होत्या.

"पुसू का...?"

"मुळीच नाही," मी म्हणाले. "आपल्या शाळेचा माणूस आहे तो. त्याला मुदत घालायची नाही."

नेजीने बोट पडद्याच्या कोपऱ्यावर टेकवले. तेथे त्या चित्रणाचा आकार लिहिलेला होता, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो अजूनही वाढत होता.