आतून हँडल नसलेलं दार

हसा, आत्ता हसून घ्या. मग मध्यरात्री माझ्या पांघरुणात शिरायला आलात तर एकेकाला लाथेनं बाहेर काढीन. आणि तू, तो मोबाईल पालथा ठेव आधी. ही गोष्ट कुठून तरी कानावर आलेली नाही. माझ्या साडूच्या घरी घडली, म्हणजे तुमच्या धाकट्या मावशीच्या घरी. मी साडूकडून एकट्यानं ऐकली, मावशीकडून पुन्हा स्वतंत्र ऐकली, आणि दोघांच्या सांगण्यात अक्षराचाही फरक नव्हता.

साडूचं काम तुम्हाला माहीतच आहे. जुन्या गाड्यांच्या आतलं सगळं नवं करून द्यायचं. सीटा, दारांची पॅनलं, स्टिअरिंगचं कातडं. पुढच्या खोलीत वर्कशॉप, मागे घर. तो कापतो, मावशी शिवते. हाताला गुण आहे, पण स्वभावानं महाहट्टी. जुना तुकडा नव्या कातड्यावर ठेवायचा, पेन्सिल फिरवायची आणि अगदी तसंच कापायचं. म्हणायचा, "आपली अक्कल नमुन्यापुढं चालवायची नाही." मी चिडवायचो त्याला, "आपल्या सासऱ्यांचा फाटका सदरा तुला नमुना म्हणून दिला, तर तू नवा सदरा फाडून देशील."

तर, बावीस नोव्हेंबर, शनिवार. दुपारी साडू दोऱ्याचं रीळ आणायला बाजारात गेला. एका जुन्या स्पोर्ट्स गाडीच्या सीटा शिवायच्या होत्या, लाल दोरा हवा होता. आता लाल म्हणजे कुठला लाल? वरची शिवण उन्हानं विटलेली असते. म्हणून त्यानं सीटच्या खालची शिवण उसवून नमुना नेला होता. चार दुकानं पालथी घातली तेव्हा रंग जुळला. स्वारी खूष होऊन घरी आली.

गाडी एका चष्मेवाल्याची. म्हणजे होती त्याच्या थोरल्या भावाची, भाऊ वारल्यावर ह्याच्याकडे आली. रविवारी पहाटे सहाला तो न्यायला येणार होता, जुन्या गाड्यांचं कसलंसं प्रदर्शन होतं. त्यानं एकच बजावलं होतं, "जसं होतं तसंच करा. काही बदलू नका."

त्या गाडीला दोनच दारं. ड्रायव्हरच्या दाराला आतून हँडल होतं. शेजारच्या दाराला नव्हतं. काच खाली करायचंसुद्धा काही नव्हतं. जुन्या पॅनलवर भोक नाही, खूण नाही, नुसतं सपाट कातडं.

मावशीनं विचारलंही, "अहो, ह्या बाजूला बसणाऱ्यानं उतरायचं कसं?"

"अगं, शर्यतीच्या हौशी माणसांच्या गाड्या ह्या. वजन वाचवायला काय वाट्टेल ते काढून टाकतात."

आणि साहेबांनी तसंच बिनभोकाचं पॅनल कापलं, सोल्यूशन लावून त्यावर कातडं चिकटवलं, दाराला ठोकून बसवलं. मालकाला एक फोन करायला काय झालं होतं? पण नाही. नमुना ना!

काम संपलं की त्या दोघांचा एक रिवाज होता. नव्या सीटवर माणसाचा भार पडल्याशिवाय कातडं नीट बसत नाही. म्हणून दोघं दहा मिनिटं गाडीत बसायची. तो ड्रायव्हरच्या जागी, ती शेजारी. मावशी म्हणायची, "चला, फिरवून आणा मला." गाडी जागची हलायची नाही, पण कामाच्या रगाड्यात तेवढीच त्यांची सहल.

त्या रात्री पावणेबाराला काम आटपलं. मावशी आधी जाऊन बसली. पट्टा नव्या शिवणीवर घासतो का ते बघायला तिनं पट्टाही लावला. साडू हाताचं सोल्यूशन धुवायला मागे गेला.

नळ चालू होता. तेवढ्यात दार आपटलं.

"अगं हळू! रबर नवं आहे!"

मग बाईमाणसाचा आवाज आला. हलका, विनवणीचा. "नका ना... घरी चला ना..."

साडूला वाटलं, सहलीचं नाटक चाललंय. पण 'घरी चला'? घरातच तर होते! मावशी नंतर म्हणाली, "भाऊजी, मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं."

तो पुढे आला. मावशी सीटवर ताठ बसलेली. शेजारी ड्रायव्हरची सीट... रिकामी. पण दबलेली. नवाकोरा फोम, आणि मधोमध खड्डा.

मग मावशीचं डोकं मागे खेचलं गेलं. केस वर उभे. मुठीत धरल्यासारखे. आणि डॅशबोर्डवर आपटलं. एकदा. दोनदा. नाकातून रक्ताची धार लागली.

साडूनं दार ओढलं. उघडेना. पलीकडचं ओढलं. तेही नाही. परत अलीकडे आला. आत मावशी तळहातानं दार चाचपत होती. वर... खाली... परत वर. त्याच्याच हातचं ते सपाट कातडं. धरायला काहीच नाही. हे सांगताना तो माझ्यापुढं लहान मुलासारखा रडला रे.

छातीवरचा पट्टा सरकला. गळ्यावर आला. आवळला.

त्यानं रबरी हातोडा मारला. काचेला काही होईना. कातडं हलू नये म्हणून वर ठेवतात ते लोखंडी वजन उचललं. एक घाव. दुसरा. तिसऱ्याला काच फुटली. हात आत घातला... आणि मनगट कुणीतरी पकडलं. फुटक्या काचेवर दाबलं. ओढलं. पुढे... मागे... कोपरापर्यंत मांस फाटलं. तुम्हाला तो व्रण मशीनचा म्हणून सांगतो. मशीनबिशीन काही नाही.

मावशीचा चेहरा निळा. डोळे पांढरे.

दुसऱ्या हातानं त्यानं खिशातली रापी काढली, कातडं कापायची सुरी. तो कमरेपर्यंत आत घुसला. पट्टा कापायला लागला. अर्धा तुटला. पुढे तुटेना.

"सोड तिला!"

आणि रापी खुपसली. त्या रिकाम्या सीटमध्ये. परत. परत. किती वार केले त्याचं त्याला माहीत नाही.

मग... शांत.

सीटचा खड्डा हळूहळू वर आला. कुणी उठून गेल्यावर येतो तसा.

पट्टा तुटला. साडूनं तिला खिडकीतून ओढून काढलं. शेजाऱ्यांनी दोघांना दवाखान्यात नेलं. वाचली. दोन महिने आवाज फुटत नव्हता तिला.

पहाटे सहाला चष्मेवाला आला. साडू हाताला टाके घालून नुकताच परतला होता. त्या माणसानं काच बघितली, रक्त बघितलं, आणि काही विचारलंच नाही. पायरीवर बसला. म्हणाला, "वहिनी ह्याच सीटवर गेली. भाऊ तिला रात्री गाडीत घालून न्यायचा आणि मारायचा. एकदा तिनं चालत्या गाडीतून उडी टाकली, तेव्हापासून ते हँडल काढलं त्यानं. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं."

"आणि मला सांगितलंस, तसंच ठेवा?" साडूनं टाक्यांच्या हातानं त्याच्या कानाखाली जाळ काढला. टाके उसवले, पर्वा केली नाही.

मग साडू गाडीकडे वळला. म्हणाला, ह्या दाराला हँडल लागल्याशिवाय गाडी हलणार नाही. पॅनल उचकटलं. भोक पाडायचं म्हणून कातडं सोललं. आदल्या संध्याकाळी त्यानं स्वतःच्या हातानं चिकटवलेलं, घट्ट बसलेलं, वरून एक ओरखडा नाही. पण उलटं केलं तर आतल्या अंगाला, फळी आणि कातड्याच्या मधे, नखांच्या रेघा होत्या. जिथं हँडल असायला हवं, बरोबर तिथं. मी तो तुकडा हातात घेऊन पाहिलाय. दहा रेघा आहेत, आणि एकेकीत बोट बसतं.