दोन किनाऱ्यांची जाळी

हर्णै बंदरातली माणसे समुद्रावर निघताना आता आभाळाकडे बघत नसत. "कड्यामागे सव्वादोनपर्यंत लाट दीड मीटर, मग दोन," असे नौकेवरचा खोका तिच्या जागेपुरते सांगे, आणि तसेच घडे. सात देशांनी करार करून समुद्रात सोडलेले, वारा-लाटा मोजणारे तरंगते बोये आणि मॉरिशसमधले एक प्रचंड गणनयंत्र यांच्या जोरावर हे चाले. यंत्र समुद्राचे दोनशे मीटरचे चौकोन पाडी आणि एकेका चौकोनातला वारा, प्रवाह, लाट आधीच काढून ठेवी. कोळी त्याला बारीक जाळी म्हणत.

हेमांगी चोगले रत्नागिरीच्या केंद्रातून ही जाळी सांभाळी. तिच्या वडिलांच्या वेळी पश्चिमेचा रंग बदलला की नौका माघारी वळत. धाकटा भाऊ जयवंत मात्र शेवटच्या अर्ध्या तासापर्यंत मासे धरी. "ताईची जाळी आहे ना," म्हणे.

त्या डिसेंबरात विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना एकदमच दोन वादळे उठली. उत्तरेकडचे ओमानकडे जाईल असा अंदाज होता, म्हणून नौका पहाटे बाहेर पडल्या. सात वाजता ते कोकणाकडे वळले. दुसरे मोझांबिकवर चालून जात होते. यंत्र बारीक जाळी एका वेळी एकाच किनाऱ्यावर टाकू शके. करार साधा होता : जिथे जास्त माणसे पाण्याच्या तोंडी, तिथे आधी. पण दोन्ही किनाऱ्यांच्या केंद्रांची सही लागे.

पडद्यावर सेलेस्त आली. दोन वर्षे हेमांगीच्या शेजारच्या खुर्चीत बसून ती हे काम शिकली होती. आता मोझांबिकमधले पेंबाचे केंद्र तीच चालवी.

"हेमांगीताई, इथं नदीमुखातल्या बेटांवर दोन लाख माणसं आहेत. होड्या पुरत नाहीत. कुठलं बेट आधी बुडेल ते कळलं, तरच काढता येतील. दिवसभर लागेल जाळी."

"इथं तीनशे नौका बाहेर आहेत."

"जयवंत?"

"तोही."

हेमांगीने सही केली आणि लगेच सगळ्या नौकांना परत फिरायला सांगितले. बिनतारीवर जयवंतचा आवाज आला.

"कधी येतंय, ताई?"

"आज कधीही. श्रीवर्धन ते विजयदुर्ग, कुठंही."

"कधीही, कुठंही? असं कधी सांगतेस का तू?"

"आज जाळी आपल्यावर नाही. मोझांबिकला दिली."

"कुणी?"

"मी."



"बरं. जाळं पाण्यात आहे, ओढतो नि निघतो."

"तोडून टाक ते, जया!"

"नवं आहे गं. तासा-दीड तासाचं काम."

नेमकी वेळ ऐकायची सवय झालेल्या माणसांना 'कधीही' म्हणजे 'अजून नाही' असेच वाटले. बऱ्याच नौका आल्या, पण रेंगाळत. साडेनऊला वाऱ्याने बंदरातली पत्र्याची शेड उचलली. नऊ नौका परतल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जयवंतच्या नौकेची फळी वेळासच्या किनाऱ्याला लागली. माणूस मिळाला नाही.

सेलेस्तचा निरोप त्याच दिवशी आला. पाच बेटे पाण्याखाली गेली होती. पाचही रिकामी होती. "एकही जीव गेला नाही," एवढेच तिने लिहिले होते. जयवंतबद्दल विचारायचा तिला धीर झाला नसावा.

आठवड्याने मच्छीमार सोसायटीने ठराव केला : आपले बोये काढून घ्या, करार मोडा. केंद्र सरकारने हेमांगीचे मत मागवले. ओमानची वाट सोडून वादळ वळले, हे आधी कळले ते करारातल्या सोमालियाच्या बोयामुळे. करार मोडला तर तेवढेही कळणार नव्हते. हे समजावून सांगायला ती आपल्या मताचा कागद घेऊन हर्णैला गेली.

सुगंधा, जयवंतची बायको, ओट्यावर बसली होती. तिने सगळे ऐकून घेतले.

"किती माणसं वाचली म्हणालात, वन्सं?"

"दोन लाख."

"मग चूक झाली असं मी कशी म्हणू?" सुगंधा म्हणाली. तिने कागद हातात घेतला, न वाचता परत दिला.

"एकच सांगा. त्या सेलेस्तचा भाऊ समुद्रात असता आणि माणसं आपल्याकडे जास्त असती, तर तिनं सही केली असती?"