येथे रंगीत प्रिंट मिळत नाही

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर आमच्या गावाला, टेचिमानला या. लॉरी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझ्या बहिणीचं, सेरवाचं दुकान कुणीही दाखवेल. दारावर खडूने लिहिलेली पाटी आहे... येथे रंगीत प्रिंट मिळत नाही.

ती पाटी खोटी आहे.

प्रिंट मिळते. पण ते तिला, दुरुस्तीवाल्या फुसेनीला आणि मला, एवढ्या तिघांनाच ठाऊक आहे.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. गुरुवार होता. दुपारचे बारा वाजून गेले होते. रात्र नव्हती, अंधार नव्हता, समोरच्या टपरीवर रेडिओ बोंबलत होता. जे झालं ते भर उन्हात झालं. मी तेव्हा तिथे नव्हतो. पण सेरवाने मला जसं सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

सुरुवात डिसेंबरात झाली. उत्तरेचा कोरडा वारा सुटला, घराघरात वाळवंटातली धूळ शिरली आणि सेरवाच्या प्रिंटरचे रंग सुकले. निळा गेला, मग पिवळा, मग गुलाबी. उरला काळा.

प्रिंटर जुनाच होता. तिच्या मुलाने, अमेयॉने, आपल्या पहिल्या कमाईतून आणलेला. तो त्याला 'म्हातारी' म्हणायचा. अडला की डाव्या अंगाला दोनदा थोपटायचा. "चल म्हातारे, ऊठ." आणि म्हातारी उठायची!

अमेयॉ तेविसाव्या वर्षी समुद्रापलीकडे कमवायला घर सोडून गेला. वाळवंटाच्या तोंडावरच्या आगाडेझपर्यंत ट्रकने, पुढे वाळवंट, पुढे लिबिया. त्याचा शेवटचा फोन समुद्राच्या काठावरून आला.

"आई, उद्या पाण्यावर जायचंय. फोन बंद लागला तर घाबरू नकोस."

फोन बंद लागला.

अडीच वर्षं झाली, अजून बंदच लागतो.

त्यामुळे म्हातारीचे रंग गेले तेव्हा सेरवाचा जीव खालीवर झाला. रंग परत आले तर पोरगाही येईल, असं तिने मनाशी धरलं होतं. हे तिने तेव्हा कुणाला सांगितलं नाही. लोक हसले असते, मीही हसलो असतो.

फुसेनी झोंगोत, परगावाहून आलेल्यांच्या वस्तीत राहतो, बिघडलेल्या मशिनींवर जगतो. त्याने म्हातारीचं रंग फवारणारं हेड काढलं, कोमट पाण्यात भिजवलं, सुईने नळ्यांत पाणी सारलं. तीन दिवस तो हेच करत होता. मग चाचणीचा कागद काढला. त्यावर चार रंगांच्या चार पट्ट्या यायला हव्यात. काळी ठसठशीत आली. बाकी तीन जागा कोऱ्या.

"आंटी, हिला आता माझ्याकडे नाही, पाद्र्याकडे न्या," फुसेनी म्हणाला.

"तुझी जीभ झडो! पुन्हा पाणी मार."

"पाणी मारून मारून माझं लग्नाचं वय उलटलं."

"तुला कोण देतंय मुलगी? मार म्हणते ना."

असं चाललेलं असताना त्याच्या आदल्या आठवड्यातला गुरुवार उजाडला. आमच्याकडे मयताचा मोठा कार्यक्रम शनिवारी असतो. मेलेल्याच्या फोटोची पोस्टरं गुरुवारी छापून शुक्रवारी भिंतींवर लागावी लागतात. बाजारात कांदे विकणारी पोकुआ आली. तिची आई त्र्याण्णवाव्या वर्षी गेली होती.

"रंग नाही गं पोकुआ. पलीकडे जा," सेरवा म्हणाली.

"पलीकडे रांग लागलीय. काळं तर काळं, काढ. तिला मेली तेव्हा कुठं काही दिसत होतं!"

सेरवाने बटण दाबलं. म्हातारी घरघरली. कागद हळूहळू बाहेर आला...

रंगीत!

पांढऱ्या-निळ्या कापडाचा निळा, कानातलं सोनं, सुरकुतलेल्या गालांचा तपकिरी रंग. इतकी सुंदर प्रिंट म्हातारीने नवी असतानासुद्धा दिली नव्हती. पोकुआ रडायला लागली. सेरवाही रडली, पण तिचं कारण वेगळं होतं.

फुसेनीने हात पुसले आणि ऐटीत चाचणीचा कागद काढला.

काळी पट्टी ठसठशीत. बाकी तीन जागा... कोऱ्या.

"असं कसं?" तो म्हणाला. त्याने रंगाच्या टाक्या पाहिल्या. रंग एका थेंबानेही उतरला नव्हता.

त्या दिवशी त्याचं चेष्टा करणं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी लग्नाची पत्रिका आली. करडी निघाली. बारशाचे फोटो आले. तेही करडे. मग एका ड्रायव्हरचं पोस्टर आलं. अपघातात गेलेला, तरणा माणूस. तो लाल-काळ्या चौकटीत जिवंत असल्यासारखा रंगीत निघाला.

सेरवाने मनाची समजूत घातली. जुनं यंत्र आहे, लहरी असतं.

मंगळवारी डोंकोर मास्तर आले. चर्चच्या गाणाऱ्या बायकांना ते शिकवतात. बारा जणींचा फोटो घेऊन आले होते, भिंतीवर लावायला. सगळ्या एकसारख्या जांभळ्या झग्यात.

कागद बाहेर आला. अकरा जणी करड्या.

डावीकडून तिसरी... जांभळी.

"ही अडोमा एकटीच का रंगवली?" मास्तर हसले. "तिला कळलं तर नाकाने कांदे सोलेल. आधीच स्वतःला राणी समजते."

"मास्तर... ती बरी आहे ना?"

"तिला काय धाड भरलीय? लेकीकडे सुन्यानीला गेलीय. काल संध्याकाळी बोललो मी."

मास्तर फोटो घेऊन गेले. दुपारी चारच्या सुमारास परत आले. फोटो काउंटरवर पालथा ठेवला आणि निघून गेले.

अडोमा पहाटेच गेली होती. न्हाणीघरात पडली आणि उठलीच नाही. मास्तर दुकानात हसत होते तेव्हा टेचिमानमध्ये कुणालाही ते ठाऊक नव्हतं.

म्हातारीला ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी आमचा थोरला भाऊ बाफूर सेरवाकडे गेला. तो घराण्याचा कर्ता आहे. तो बोलल्यावर कुणी बोलत नाही.

"दोन वर्षं झाली, सेरवा. घरात मयत झालंय आणि आपण गोडधोड खातोय. लोक तोंडावर विचारतात मला."

"मयत झालंय हे तुला कुणी सांगितलं, दादा? तू पाहिलंस?"

"पाण्यावर गेलेल्याला कोण पाहतं? मेलेल्याला मेला म्हणावं लागतं, नाहीतर त्याला वाट मिळत नाही. येत्या शनिवारनंतरचा शनिवार धरलाय. फोटो काढून ठेव."

आमच्याकडे पोस्टर एकदा भिंतीला लागलं की माणूस मेला. मग तो जिवंत दारात आला तरी शेजारी दार लावून घेतात.

आणि मग तिला ते सुचलं.

म्हातारी जिवंत माणसांना रंग देत नाही. अमेयॉचा फोटो काढायचा. तो करडा येईल. तो करडा कागद आणि अडोमाचा फोटो दादापुढे टाकायचा. बघ म्हणावं. बघ, माझा पोरगा करडा आहे.

तिची इतकी खात्री होती, की त्या रात्री ती दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

गुरुवार. दुपारचे बारा वाजून गेलेले. तिने दाराचं एक फळकूट लावून घेतलं आणि फुसेनीला आत बसवलं. साक्षीदार हवा होता. फुसेनीला अडोमाचं कळलं होतं.

"आंटी, नका काढू," तो म्हणाला. "मशीन आहे ते. मशीनला काय कळतं?"

"काही कळत नाही तर मग भितोस कशाला?"

फोटो तिच्या फोनमध्ये होता. अमेयॉ निघाला त्या सकाळचा, लॉरी स्टँडवरचा. पिवळा टी-शर्ट घातलेला, मागे ट्रक, आणि हसतोय. त्याच्या खांद्यावर एक हात आहे. बाजूला उभा असलेला माणूस फोटोत नाही. नुसता हात आहे.

तिने म्हातारीला डाव्या अंगाला दोनदा थोपटलं. बटण दाबलं.

घरघर...

आधी आभाळ आलं. करडं. पण त्या दिवशी आभाळ धुळीने करडंच होतं.

मग ट्रकचा टप आला. ट्रक निळा होता. आला करडा.

"बघ," सेरवा म्हणाली. "बघ फुसेनी, बघ!"

मग केस आले. केस काळेच असतात, केसांवरून काही कळत नाही.

मग म्हातारी थांबली.

समोरच्या टपरीवरचा रेडिओ मध्येच बंद पडला. वीज गेली असावी, असं फुसेनीला वाटलं. पण म्हातारीचा हिरवा दिवा तर जळत होता.

पुन्हा घरघर...

कपाळ आलं.

तपकिरी.

मग डोळे, मग गाल, मग ते हसू. मग टी-शर्ट आला, पिवळाधमक, ओला रंग चमकत असलेला. टी-शर्टाची किनार निळी होती, तीसुद्धा आली. काही बाकी ठेवलं नाही.

सेरवाने कागद हातात घेतला आणि टी-शर्टावरून बोट फिरवलं. रंग बोटाला लागला.

"मशीन खोटं बोलतंय, आंटी," फुसेनी म्हणाला. "बिघडलेलं मशीन आहे. मीच नीट केलं नाही. माझी चूक आहे."

"हो रे बाबा," सेरवा म्हणाली. "तुझीच चूक आहे."

मग फुसेनीने कागदाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. त्या पिवळ्या खांद्यावरचा हात...

करडा होता.

तो हात माझा आहे.

आता सांगायलाच हवं. त्या सकाळी अमेयॉला ट्रकमध्ये मी बसवलं. सेरवाला न सांगता. मीच म्हणालो, जा, मोठा होऊन ये, मी आहे आईकडे बघायला. आमच्यात मामाचा शब्द बापापेक्षा मोठा असतो. ट्रक दिसेनासा झाल्यावर तो फोटो मी सेरवाला पाठवला. तिने मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी बाफूर दादा फोटो न्यायला आला.

"आलाच नाही रे, दादा, रंग," सेरवा म्हणाली. "मशीन गेलं."

"मग फोनमधला दे, पलीकडे छापतो."

"फोनही गेला."

दादा उठून गेला. फोटो नाही तर पोस्टर नाही, पोस्टर नाही तर मयत नाही. तो शनिवार टळला. दादा अजून दर महिन्याला विचारतो. फोटो माझ्याही फोनमध्ये आहे, पण ते मी त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर पोराला ट्रकमध्ये कुणी बसवलं तेही सांगावं लागेल.

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली. सेरवा आता शाळेचे पेपर छापते, अर्ज छापते, सगळं काळं. पोस्टरवाल्यांना पलीकडे पाठवते. फुसेनी त्या गल्लीतून जातच नाही.

पण दर गुरुवारी दुपारी ती दाराचं फळकूट लावते, मला बोलावते आणि तोच फोटो पुन्हा काढते.

एखाद्या गुरुवारी तो करडा येईल म्हणून.

पलंगाखाली गठ्ठा झालाय. तीसेक पिवळे टी-शर्ट, तीसेक हसू. टाक्यांतला रंग अजून तेवढाच आहे. मी तिला एकदा म्हणालो, ताई, सोड आता. ती म्हणाली, "तू तर बोलूच नकोस, अताकोरा."

कागद बाहेर आला की ती आधी चेहरा बघते. आणि मला सांगायला लाज वाटते, पण मी आधी हात बघतो. करडा दिसला की मला घरी जाऊन जेवण जातं.

गेल्या गुरुवारी म्हातारी नेहमीसारखी घरघरली. कागद आला. सेरवाने तो माझ्याआधी उचलला. तिने चेहरा पाहिला. मग तिची नजर खाली, खांद्याकडे गेली आणि तिथेच राहिली...

तिने कागद पालथा करून मांडीखाली घेतला.

"बघू दे, ताई."

"काय बघायचंय त्यात?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आलाच नाही रे आज रंग."

रंग खरंच आला नसता, अमेयॉ खरंच करडा आला असता, तर ती रस्त्यावर जाऊन नाचली असती. साऱ्या टेचिमानला तिने ते ओरडून सांगितलं असतं.

तिने चहा टाकला, आम्ही तो पाव बुडवून प्यायलो. मग मी हात खिशात घालून घरी आलो.

आज बुधवार आहे.