झिजलेली कडी

हळकुंडांचा नमुना दाखवायला पारुबाई हिंगोलीच्या बाजारात गेली होती. काम उरकल्यावर ती मदीनाबीच्या जुन्या भांड्यांच्या दुकानात थांबली आणि पदराच्या गाठीतून एक पितळी वस्तू काढून तिच्यापुढे ठेवली. लिंबाएवढी, आतून पोकळ. एका अंगाला बारीक चीर आणि डोक्यावर कडी. मागच्या साली हळद खणताना ती पारुबाईच्या वडिलांना, प्रेमदासांना, सापडली होती. त्यांच्या बंजारा तांड्यातल्या ज्याने त्याने चिरेला तोंड लावून फुंकून पाहिलं होतं. नुसती हवा जायची.

"अत्तरदाणी म्हणावं तर अत्तर सांडंल," मदीनाबी म्हणाली. "दिवा म्हणावं तर वात कुठं घालणार? बैलं हाकता हाकता तुमच्या लोकायनं काय काय बनवलं, त्यायलाच ठाव."

"त्यायलाच इचारलं आधी. ते म्हणले, मदीनाबीला इचार."

मदीनाबी हसली. मग तिने कडीत करंगळी फिरवली. "आतून पाह्य, किती झिजली. चीर मात्र बराबर कोरी हाय. हिला तोंड कुणी लावतच नसंल."

एवढंच कळलं. पारुबाईने वस्तू पुन्हा गाठीत बांधली आणि पुसेगावची एस.टी. धरली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना धुई अशी उतरली, की अंगणातली बाभळ दिसेना. पारुबाई उठली तर वडिलांचं अंथरूण रिकामं. अलीकडे म्हाताऱ्याला घरची वाट आठवत नसे. आणि वावराच्या पलीकडे बिनकठड्याची विहीर होती.

ती आणि सून निलम हाका मारत बांधापर्यंत गेल्या. हाक जणू तोंडापुढेच गळून पडत होती.

"आई, पुढं जाऊ नका..." निलम कुजबुजली. "इहीर कुठं हाय ते बी दिसून न्हाई राहिलं."

पारुबाई उभी राहिली. हात पदराच्या गाठीवर गेला. बोटाला ती गुळगुळीत कडी लागली. दोरीनेच झिजते अशी कडी. जड काही गरगर फिरत राहिलं, तरच.

तिने कुंपणाची सुतळी ओढून काढली, कडीत ओवली आणि ते पितळ डोक्यावर फिरवायला लागली. आधी नुसती सळसळ झाली. मग वेग आला आणि चीर बोलू लागली. खोल, घुमणारा आवाज. तो धुईत अडला नाही. धुई कापत गेला.

थोड्या वेळाने वास आला. बैलांच्या घामाचा, भिजलेल्या गोणपाटाचा. मग बैलाच्या गळ्यातली एक घंटा वाजली. मग दुसरी. मग कितीतरी.

निलमने सासूचा पदर धरला. "आई... आपल्याकडं तर एकच गाय हाय..."

"गप. माझा हात थांबू देऊ नको."

खांदा भरून आला, तरी ती फिरवत राहिली. भीती होतीच, पण भीतीच्या वर काहीतरी चढत होतं. धुळीत, धुईत मागे पडलेल्याला तांड्याच्या मुक्कामावर, डेऱ्याकडे, बोलावून आणायचं वाद्य होतं हे. कुणी सांगितलं नव्हतं, पण आता तिला कुणी सांगायची गरजही नव्हती.

धुईतून प्रेमदास आले. एक हात खांद्याच्या उंचीवर, बाजूला टेकवलेला, एखाद्या बैलाच्या पाठीवर टेकवावा तसा. हाताखाली काहीच नव्हतं.

"पारू," ते म्हणाले. किती महिन्यांनी त्यांना तिचं नाव आठवलं होतं. "डेरा लई लांब टाकला गं आज."

पारुबाईने त्यांना मिठीच मारली. "ओळखलं म्या हे काय हाय ते, निलम," ती रडत हसत म्हणाली. "मदीनाबीला सांगायचं, ओळखलं म्हणून."

घरी चुलीपाशी बसवून तिने वडिलांच्या हाती चहा दिला. म्हाताऱ्याने घोट घेतला, दाराकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "बाकीच्यायला पाणी दाखवलं का? लई दुरून आलेत."

दोघी दारात आल्या. गाय गोठ्यात बांधलेली होती. अंगणात कुणी नव्हतं. पण गाईसाठी काठोकाठ भरून ठेवलेल्या दगडी डोणीतलं पाणी खाली चाललं होतं. घोट घेतल्याचा आवाज येत होता.

निलम दार ओढायला लागली. पारुबाईने तिचा हात बाजूला केला, मान ताठ करून बादली उचलली आणि डोणीपाशी गेली.

ती पाणी ओतत होती तोच तिच्या मनगटावर ऊन, ओला श्वास आला. मग कोपरावर. मग मानेवर.