पाचशेवा माणूस

आल्विन टोर्विक मक्यात सापडला.

मका न्यायला ट्रक आला होता. आल्विनच्या शेतावरच्या पत्र्याच्या कोठीचं खालचं दार उघडल्यावर दाणे धो धो वाहू लागले आणि मध्येच अडले. ट्रकवाल्याने काठीने ढोसलं, तर एक बूट बाहेर आला. बुटात पाय होता.

शेरीफ मार्गो टोर्विक वीस मिनिटांत पोचली. पाय कुणाचा, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आल्विन तिचा सख्खा थोरला भाऊ. मार्गोने आईला शेजारच्या काउंटीतल्या वृद्धाश्रमात ठेवल्यापासून त्याने बहिणीशी बोलणं टाकलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली.

ह्यूगो प्रेल प्रेतापाशी गुडघे टेकून बसला होता. अंत्यविधी करणारा तोच आणि मृत्यूचं कारण ठरवणारा सरकारी माणूसही तोच. वेगळा नेमायला त्या काउंटीत माणसं होती कुठे!

"मक्यात गुदमरला नाही," ह्यूगो म्हणाला. "नाकातोंडात एक दाणा नाही. मेल्यावर पुरलाय. उजवा खुबा मोडलाय. पडला असणार. आणि मार्गो, पायाला फळी बांधलीय. चांगली मऊ फडकी घालून, नीट."

"मेला कधी?"

"मार्चअखेर. कोठीत गारठा होता म्हणून इतका टिकला."

"शक्य नाही. सहा एप्रिलला मी त्याला पाहिलंय."

"मग तू दुसरंच कुणीतरी पाहिलंस, बाई."

सहा एप्रिल ती विसरणं शक्यच नव्हतं. तिकडच्या खडीच्या रस्त्यांवर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट वर करायचं, ओळख असो नसो. आल्विन सगळ्यांना करायचा. फक्त बहिणीची गाडी दिसली की त्याचा हात दगडाचा व्हायचा. त्या दिवशी मात्र त्याची हिरवी पिकअप समोरून आली, काचेवर ऊन चमकत होतं, आणि बोट वर गेलं. मार्गोने गाडी कडेला घेतली आणि अठ्ठावन्न वर्षांची ती दणकट बाई हमसून हमसून रडली. पहिलं पाऊल त्याने टाकलंय, आता घाई करून बिघडवायचं नाही, असं ठरवून ती सहा आठवडे त्याची वाट बघत घरी बसली. वेडी कुठली.

तिथून ती थेट व्हर्नाच्या कॅफेत गेली.

"व्हर्ना, आल्विनला शेवटचं कधी पाहिलंस?"

"एप्रिलभर पाहिलं की! आठवड्यातून दोनदा इथून जायचा. आत मात्र आला नाही मेला."

"तोंड पाहिलंस?"

"तोंड कशाला बघायचं? हिरवी पिकअप, वर बोट. झालं की!" बोलता बोलता व्हर्ना थांबली. "काय झालं गं?"

मार्गोने सांगितलं. व्हर्नाची नजर नकळत भिंतीवरच्या फळ्याकडे गेली. फळ्यावर खडूने मोठा आकडा होता: ५००.

"एक एप्रिलला जितकी माणसं राहतात तितकी जनगणनेत धरतात," ती हळूच म्हणाली. "पाचशेच्या खाली गेलो की हायस्कूल बंद. पोरं सत्तर मैलांवर. बरोब्बर पाचशे भरले होते, मार्गो. आल्विन धरून."

"एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे फॉर्म कुणी भरले?"

"मुख्याध्यापकांनी, क्लाइड बेसलरने. दारोदार हिंडला बिचारा. चार वर्षं झाली नाहीत येऊन, पण आपल्यापेक्षा जास्त आपला झालाय. रस्त्यात कुत्रं दिसलं तरी बोट वर करतो."

"आल्विनने मलाही बोट वर केलं होतं."

"तुला? चल, काहीतरीच!" व्हर्नाच्या तोंडून निघून गेलं. मग ती ओशाळली. "नाही म्हणजे... अख्ख्या काउंटीला माहीत आहे तुमचं."

"बोलतं का कुणी त्याबद्दल?"

"छे! सगळ्यांना माहीत असलेलं काय बोलायचं?"

मार्गो कॉफी तशीच टाकून उठली.

क्लाइड बेसलर शाळेतल्या त्याच्या खोलीत वह्या तपासत होता. किडकिडीत, सभ्य माणूस. तिला पाहून त्याने खुर्ची पुढे केली. मार्गो उभीच राहिली.

"आल्विन सापडला, क्लाइड."

त्याने पेन खाली ठेवलं. "कुठे?" असं त्याने विचारलं नाही. बातमी तोवर शाळेपर्यंत पोचलेली नव्हती.

"शेरीफ, मी..."

"आधी माझं ऐक. आल्विन मार्चअखेर गेला. त्यानंतर महिनाभर त्याची गाडी कुणीतरी फिरवली. लुटायला नाही, घरातली वस्तू जागची हललेली नाही. फिरवली ती फक्त लोकांनी बघावी म्हणून. मेलेला माणूस एक एप्रिलनंतर जिवंत दिसावा, यात कुणाचा फायदा? आकड्याचा. पण आकडा तर इथे सगळ्यांनाच हवा होता. म्हणजे संशयित चारशे नव्याण्णव."

"मग मीच का?"

"कारण तू मला बघून बोट वर केलंस. इथे जन्मलेल्या कुणीही ती चूक केली नसती. आल्विन मेला तरी मला बघून बोट वर करणार नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण कुणी बोलत नाही, त्यामुळे बाहेरून आलेल्याला कळायचं कसं? चार वर्षांत बाहेरून इथे एकच माणूस आला. आणि आल्विनचा फॉर्मही त्यानेच भरला."

क्लाइडने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी मारलं नाही त्याला," तो म्हणाला. "सव्वीस मार्चला फॉर्म भरायला गेलो, तर तो गोठ्यात पडलेला. खुबा मोडलेला. मी घरात नेऊन निजवलं, फळी बांधली, सूप भरवलं. त्याला दवाखान्यात नेलं असतं की तिथून वृद्धाश्रमात पाठवलं असतं, तुमच्या आईसारखं. मग तो त्या शेजारच्या काउंटीत धरला गेला असता. आधीच्या दोन म्हाताऱ्या तशाच गेल्या आपल्या हातातून. म्हटलं, सहा दिवस काढू. एक एप्रिलला स्वतः डॉक्टरला आणीन. तो दुसऱ्याच दिवशी गेला. मग कोठी... ट्रक जुलैत येईल अशी माझी समजूत होती."

"शुद्धीत होता?"

"होता."

"काय म्हणाला?"

क्लाइडने वह्यांचा गठ्ठा सरळ केला.

"काय म्हणाला, ते विचारतेय मी!"

"म्हणाला, मार्गोला बोलाव." क्लाइड म्हणाला. "सारखा तेच म्हणत होता. मी म्हटलं, निरोप दिलाय, येतेय ती. तुम्ही आला असतात तर त्याला नेलं असतंत हो! एका शाळेचा प्रश्न होता. एकशे सोळा पोरं आहेत..."

म्हणजे भाऊ मार्गोची वाट बघत मेला. ती येत नाही, असं समजून मेला. राग येईल तर बरं, असं तिला वाटलं, पण रागसुद्धा येईना.

कपाटावर जनगणनेच्या कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा होता. तिने त्यातला एक ओढला, उलटा केला आणि क्लाइडपुढे ठेवला.

"सूचना नववी. वाच. मोठ्याने."

त्याने चष्मा चढवला. "दवाखान्यात उपचार घेत असलेल्या व्यक्तीची गणना..." तो थांबला.

"पुढे."

"...तिच्या राहत्या घराच्या पत्त्यावरच करावी."

"फोन केला असतास तर आल्विन एक एप्रिलला अजून दवाखान्यातच असता, वृद्धाश्रमात नाही," मार्गो म्हणाली. "जिवंत. आणि आपल्याच काउंटीत धरला गेला असता. ऊठ."